हिरव्या अटी आणि आपला सातबारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तेरला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, तेरणेच्या काठी थोडे बसावे आणि वेळ उरला तर लामतुरे संग्रहालयात डोकावावे, असा आपला शिरस्ता. त्या संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, रंगीत मणी पाहताना एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. हे गाव एके काळी परदेशी व्यापाराचे ठाणे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेली ‘पेरिप्लस’ नावाची पुस्तिका आहे. तीत भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ असल्याचे लिहिले आहे. हे तगर म्हणजेच आपले तेर. तिथून साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून गलबतांनी पश्चिमेकडे.

त्या काळचे गिऱ्हाईक काय विचारत असेल? कापडाचा पोत कसा, रंग पक्का का, भाव काय. इतके झाले की सौदा मिटला. ज्या रानात तो कापूस पिकला, त्या रानाची चौकशी कोणी केली नसेल. आजचे गिऱ्हाईक मात्र रानाची चौकशी करते. हा माल पिकवताना जंगल तोडले का, औषध कोणते मारले, कारखान्याने कोळसा किती जाळला, असे प्रश्न ते विचारते. उत्तर मनासारखे आले नाही तर माल बंदरावरच थांबतो. देशादेशांमध्ये होणाऱ्या व्यापार करारांतही आता हवामान आणि पर्यावरण यांची प्रकरणे येऊ लागली आहेत. दिल्लीत, लंडनमध्ये किंवा ब्रुसेल्समध्ये चाललेल्या या बोलण्यांचा आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या दोन-चार एकराच्या शेतकऱ्याशी काय संबंध, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

आरंभीच एक सांगून टाकतो. हवामानाचा प्रश्न हे श्रीमंत देशांचे खूळ आहे, असे म्हणायला आपण मोकळे नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आपल्याकडे गावोगाव टँकर आणि जनावरांच्या छावण्या होत्या. त्यानंतर नऊच वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, परांडा आणि भूम भागात नद्यांना असा पूर आला की वेढ्यात सापडलेली माणसे हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, कित्येक ठिकाणी मातीच वाहून गेली. ज्या जिल्ह्याने दहा वर्षांच्या आत या दोन्ही गोष्टी पाहिल्या, त्याला हवामान सावरण्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. तेव्हा व्यापारात पर्यावरणाचा विचार यावा की नाही, याबद्दल मला शंका नाही. तो कोणी लिहायचा आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, हा माझा प्रश्न आहे.

थोडी मागची हकिकत सांगतो. १९४७ साली जगातल्या काही देशांनी व्यापाराचे नियम ठरवणारा ‘गॅट’ करार केला. त्याच्या विसाव्या कलमात एक सवलत आहे. माणसांचे, प्राण्यांचे व वनस्पतींचे जीवित वा आरोग्य राखण्यासाठी, किंवा संपत चाललेली नैसर्गिक साधने जपण्यासाठी, एखाद्या देशाला आयातीवर बंधन घालता येते; मात्र ते मनमानी नसावे आणि त्याच्या आडून व्यापार अडवू नये. पुढे डंकेल प्रस्ताव आले, त्यावर आपल्याकडे पारावर आणि सभांतून किती वाद झाले हे जुन्या लोकांना आठवत असेल. त्यातून १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. तिच्या कराराच्या प्रस्तावनेतच शाश्वत विकासाचा उल्लेख आहे. म्हणजे ही कल्पना आजची नाही.

भारताची भूमिका मात्र अनेक वर्षे अशी होती की पर्यावरण आणि कामगार हे विषय व्यापार करारात आणू नयेत. त्यांच्यासाठी वेगळी व्यासपीठे आहेत. या भूमिकेला कारण होते. अमेरिकेने एकदा आपली कोळंबी अडवली होती. कोळंबीच्या जाळ्यात समुद्री कासवे सापडून मरतात, म्हणून कासव बाहेर निसटू देणारे साधन जाळ्याला बसवा, नाहीतर माल घेणार नाही, असा त्यांचा कायदा होता. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड या चार देशांनी तक्रार केली. १९९८ मध्ये व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने निकाल दिला, तो समजून घेण्याजोगा आहे. कासवे वाचवण्याचा हेतू मंडळाने योग्य ठरवला. पण अमेरिकेने जवळच्या कॅरिबियन भागातल्या देशांशी आधी बोलणी केली आणि त्यांना बदलासाठी तीन वर्षे दिली, आशियातल्या देशांना मात्र चारच महिने दिले. हा भेदभाव मंडळाने अमान्य केला. हेतू चांगला असला तरी अट लावण्याची रीत चुकू शकते, हे त्या निकालाने लिहून ठेवले.

अलीकडे भारताची भूमिका बदलली आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांशी १० मार्च २०२४ रोजी आपण करार केला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. त्यात व्यापार आणि शाश्वत विकास यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारातही पर्यावरणाचे प्रकरण आहे. काहींना ही माघार वाटते. मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते आपल्या मोंढ्यातल्या सोयाबीनवरून सांगतो.

सोयाबीन हे आता आपल्या जिल्ह्याचे मुख्य खरीप पीक आहे. शंभर किलो सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघते आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड. म्हणून सोयाबीनचा भाव तेलाइतकाच, किंबहुना जास्त, पेंडीच्या मागणीवर ठरतो. ही पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. आपली पेंड बांगलादेश, नेपाळ अशा शेजाऱ्यांकडे जाते आणि अलीकडच्या वर्षांत जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स इथेही जाते. आपल्याकडे जनुक बदललेल्या सोयाबीनची लागवड होत नाही. तसाच माल हवा असलेली गिऱ्हाइके युरोपात आहेत, हे त्याचे एक कारण.

आता युरोपीय संघाने २०२३ मध्ये एक कायदा केला. गुरे, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोया आणि लाकूड या सात वस्तू, आणि त्यांपासून झालेला माल, जंगल तोडून मिळवलेल्या जमिनीवरचा नाही असे सिद्ध झाल्यावरच तिथे विकता येईल. ३१ डिसेंबर २०२० ही त्यातली सीमारेषा आहे. सोया या यादीत आले ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेमुळे. तिथे सोयाबीनच्या शेतीसाठी फार मोठ्या प्रमाणावर जंगल आणि गवताळ रान साफ झाले. त्याला आळा बसायलाच हवा. पण कायदा सगळ्यांना सारखा लागतो, त्यामुळे तो आपल्या दारातही आला.

मी हे एका आडतीवर बसून समजावून सांगत होतो. पोत्यांच्या थप्पीला टेकून एक वयस्कर शेतकरी ऐकत होते. ते म्हणाले, “मास्तर, आमच्या रानात तोडायला झाड तरी कुठं राहिलंय? बांधावरची बाभळ सोडली तर सावलीला बसायची सोय नाही.” सगळे हसले. पण त्यांचे म्हणणे खरे होते. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत लातूरबरोबर आपलेही नाव येते. येडशीचे रामलिंग अभयारण्य आणि बालाघाटच्या काही उतारांवरचे रान सोडले तर आपली जमीन पिढ्यान्‌पिढ्या नांगराखाली आहे. १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक काढून पाहा. आज जिथे सोयाबीन आहे तिथे तेव्हा ज्वारी, तूर, करडई पिकत असल्याच्या नोंदी सापडतील.

तरीही पुरावा द्यावाच लागेल. शेत चार हेक्टरपर्यंत, म्हणजे दहा एकरांपर्यंत असेल तर त्याचा एक अक्षांश-रेखांश पुरतो. त्याहून मोठे असेल तर सीमेची सगळी रेषा द्यावी लागते. हे ऐकायला सोपे वाटते. अडचण पुढे आहे. मोंढ्यात काय होते ते आपण जाणतो. कोणी चार पोती आणतो, कोणी दहा. ओल पाहायची, मातेरे पाहायचे, कडता धरायचा आणि सगळा माल एका ढिगात. तिथून ट्रकने तेलगिरणीत, तिथे आणखी पन्नास गावांचा माल त्यात मिसळतो. कायद्याला हे मिसळणे चालत नाही. ढिगातला थोडाही माल कोणत्या शेतातला हे ठाऊक नसेल तर तो ढीग युरोपसाठी बाद. २०२५ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारताला कमी धोक्याच्या देशांत घातले, त्यामुळे तपासणी हलकी झाली; पण शेताच्या ठिकाणाची माहिती द्यायचे काम सुटले नाही. कायद्याची अंमलबजावणी दोनदा पुढे गेली आणि डिसेंबर २०२५ च्या दुरुस्तीनुसार मोठ्या कंपन्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ ही तारीख ठरली.

यातून काय होण्याचा संभव आहे? मोठ्या निर्यातदाराला नोंदी ठेवता येतात, संगणक आहे, माणसे आहेत. तो मोठ्या बागायतदाराकडून एकगठ्ठा माल घेईल. चार पोतीवाल्याचा माल वेगळा ठेवण्याचा खर्च त्याला परवडणार नाही, किंवा तो खर्च पट्टीतून कापला जाईल. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बऱ्याच बाजारांत सौदे त्याच्या खाली झाले, हे आपण पाहिले आहे. त्यात आणखी एक कपात आली तर शेतकरी काय करील? विहिरीला थोडे जरी पाणी असेल तर तो उसाकडे वळेल. उसाला भाव कायद्याने ठरलेला, गिऱ्हाईक कारखान्याच्या रूपाने दारात. म्हणजे दक्षिण अमेरिकेतले जंगल वाचवायला केलेला कायदा, आपल्या दुष्काळी रानात सर्वांत जास्त पाणी पिणारे पीक वाढवायला हातभार लावू शकतो. दुसऱ्याच्या जमिनीसाठी बेतलेली अट आपल्या जमिनीवर उलटी पडू शकते, ती अशी.

आणि हा व्यापार करार नव्हे, हे ध्यानात घ्या. तो युरोपाने स्वतःच्या घरात केलेला कायदा आहे. त्यावर आपण तक्रार करू शकतो, विनंती करू शकतो, पण तो लिहिताना आपली खुर्ची तिथे नव्हती. म्हणूनच मी म्हणतो की पर्यावरणाची प्रकरणे करारात येण्याला भिऊ नये. करारात लिहायचे म्हटले की दोन्ही बाजू समोरासमोर बसतात, देवाणघेवाण होते. करारात लिहायचे नाही म्हटले तर ते त्यांच्या कायद्यात लिहिले जाते आणि आपल्या हाती फक्त पाळणे उरते.

अट पाळता येते आणि तिच्यातून काही चांगलेही निघते, याचा अनुभव महाराष्ट्राने द्राक्षांच्या बाबतीत घेतला आहे. आपल्या जिल्ह्यातही द्राक्षबागा आहेत, तेव्हा बागायतदारांना हे नवे नाही. २००३ च्या सुमारास युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याची ओरड झाली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार ‘सीसीसी’ म्हणतात, त्याचे अंश सापडल्यामुळे माल अडकला आणि फार मोठे नुकसान झाले. परंतु या वर्षांत एक यंत्रणाही उभी राहिली. निर्यातीच्या बागेची कृषी खात्याकडे नोंदणी होते, फवारणीची नोंद ठेवली जाते, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि ‘ग्रेपनेट’ या संगणकीय व्यवस्थेमुळे परदेशातल्या दुकानातली पेटी कोणत्या बागेतून निघाली हे शोधता येते. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्याने प्रयोगशाळांना दिशा दिली. अट परकी होती, पण यंत्रणा आपली झाली. शेतकरी एकटा पडला नाही. त्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये सरकारी खाते, संशोधक आणि बागायतदारांचा संघ उभा राहिला.

त्यात एक उणीव आहे, तीही सांगतो. परदेशी जाणाऱ्या पेटीची जेवढी कसून तपासणी होते, तेवढी आपल्या आठवडी बाजारात येणाऱ्या घडाची होत नाही. लंडनच्या पोराला जे चालत नाही ते आपल्या पोराला का चालावे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे.

आता साखरेकडे येतो. इथे गोष्ट उलट आहे.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखरेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. उसाला भारत सरकार ठरवून देत असलेला दर आणि साखर निर्यातीला दिलेले साहाय्य नियमांपेक्षा जास्त आहे, अशी तक्रार होती. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. जानेवारी २०२२ मध्ये आपण अपील केले. अपील मंडळावर सदस्यच नेमले गेलेले नसल्यामुळे ते तिथेच राहिले. या साऱ्या वादात टक्केवारी होती, अनुदान होते, दर होते. पाणी हा मुद्दा तक्रारीत नव्हता. तक्रार करणाऱ्यांनी तो मांडला नाही आणि आपणही मांडला नाही.

पाण्याचा हिशेब काय आहे? केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालांत एक किलो साखरेसाठी साधारण दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते असे म्हटले आहे. यात उसाला दिलेले पाणी मुख्य. आता पंचवीस टनांचा एक ट्रक साखर घ्या. पावणेचार ते पाच कोटी लिटर पाणी झाले. मिरजेहून लातूरला आलेली पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेत सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी आणत असे. म्हणजे साखरेचा एक ट्रक बंदराकडे निघाला की तशा पंधरा ते वीस गाड्यांइतके पाणी त्याच्याबरोबर गेले. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात रेल्वेने शंभरावर खेपा करून जवळजवळ सव्वीस कोटी लिटर पाणी आणले. अडीच हजार टन रोज गाळणारा एक कारखाना एका दिवसात साधारण अडीचशे टन साखर काढतो. तेवढ्या साखरेमागे याहून अधिक पाणी खर्ची पडलेले असते. सगळेच पाणी प्यायच्या कामाचे असते असे नाही, त्यात पावसाचाही वाटा असतो, हे मान्य. तरी प्रमाण ध्यानात येते.

हे सांगताना ऊस लावणाऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्या पिकाला ठरलेला दर आहे आणि हमखास गिऱ्हाईक आहे, ते पीक तो लावणारच. सोयाबीन किंवा तुरीला तशी खात्री दिली असती तर त्याने ऊस इतका लावला नसता. पण जगाच्या व्यापारात पर्यावरणाचे जे मोजमाप चालले आहे, त्यात जंगल आहे, धूर आहे, औषधाचे अंश आहेत. भूगर्भातल्या पाण्याला जागा फार थोडी आहे. आमच्या जिल्ह्याचे सर्वांत मोठे पर्यावरणीय दुःख त्या तराजूत येतच नाही. जिथे जंगल नाही तिथे जंगलाचा दाखला मागितला जातो आणि जिथे पाणी संपते आहे तिथे पाण्याबद्दल कोणी विचारत नाही.

कोळशाच्या धुराबद्दलही दोन शब्द. लोखंड, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या वस्तू तयार करताना जो कर्बवायू बाहेर पडतो, त्यावर युरोपीय संघाने सीमेवर आकारणी ठरवली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणे सक्तीचे झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालाचा आर्थिक भार मोजला जाऊ लागला. भारताने याला विरोध केला आहे आणि तो रास्त आहे. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे धूर सोडला त्यांनी नव्याने चूल पेटवणाऱ्याकडून सारखीच पट्टी घ्यावी, हे १९९२ च्या रिओ परिषदेत मान्य झालेल्या तत्त्वाशी जुळत नाही. जबाबदारी सर्वांची, पण प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे आणि मागच्या हिशेबाप्रमाणे, असे ते तत्त्व. परंतु त्याच कायद्यात एक तरतूद आहे. माल जिथे तयार झाला तिथे कर्बवायूची किंमत आधीच भरली असेल तर ती वजा होते. म्हणजे आपण ही आकारणी आपल्या देशात केली तर तो पैसा इथे राहील. नाही केली तर युरोपच्या तिजोरीत जाईल. तो पैसा इथे राहिला तर त्यातला काही वाटा दुष्काळी भागात खर्च व्हावा, असे मागायला जागा राहील.

मग आपण मागायचे काय? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, पुराव्याचा खर्च दोन एकरवाल्यावर पडू नये. यासाठी नवी यंत्रणा लागेलच असे नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाचा फोटो काढतो आणि त्याबरोबर शेताचा अक्षांश-रेखांश नोंदला जातो. युरोपचा कायदा जे मागतो त्याचा मोठा भाग आपल्या सातबाऱ्याच्या मागे आधीच जमा होत आहे. सातबारा, जुनी पाहणीपत्रके आणि ही नोंद एकत्र करून ‘ही जमीन फार पूर्वीपासून लागवडीखाली आहे’ असा दाखला सरकारने विनाशुल्क द्यावा. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनी आपल्या सभासदांचा माल वेगळ्या थप्पीत ठेवावा. आणि करारात असे कलम असावे की अशा सरकारी दाखल्याला समोरच्या देशाने मान्यता द्यावी.

दुसरी, वेळ आणि मदत आधी, अट नंतर. कोळंबीच्या निकालाने हे तत्त्व दिलेलेच आहे. प्रयोगशाळा, साठवणुकीची गोदामे, नोंदी ठेवणारी माणसे यांसाठी सहकार्याचे कलम करारात हवे, आणि त्यात ‘प्रयत्न केले जातील’ अशा मोघम शब्दांऐवजी मुदत आणि रक्कम हवी.

तिसरी आपल्या घरातली आहे. पाण्याचा हिशेब कोणी बाहेरच्याने मागण्याची वाट पाहू नये. कमी पाण्यावर येणारी ज्वारी, तूर, हरभरा, करडई यांना आपण आधी किंमत द्यावी आणि मग करारात म्हणावे की जंगल वाचवणाऱ्याला जशी सवलत, तशी पाणी वाचवणाऱ्या मालालाही द्या. कमी पाण्यावर पिकलेल्या तुरीच्या डाळीला जकातीत सूट मिळाली तर ती हवामानाची मदत ठरेल आणि आपल्या शेतकऱ्याची कमाईही. हे मागणे मांडायला धाराशिवइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा?

हे सगळे दिल्लीत बसणाऱ्यांच्या हाती आहे, आपण काय करणार, असे कोणी म्हणेल. पण द्राक्ष बागायतदार संघटित होते, म्हणून त्यांचे म्हणणे खात्यापर्यंत आणि तिथून वाटाघाटीपर्यंत पोचले. सोयाबीनवाला विखुरलेला आहे, म्हणून त्याच्या नावाने कोणी बोलत नाही. आपली मागणी लोकप्रतिनिधींकडे, कृषी खात्याकडे लेखी गेली पाहिजे, आणि तिच्याबरोबर आकडे गेले पाहिजेत.

आणि तोवर एक साधे काम. या हंगामात ई-पीक पाहणी करताना ती दुसऱ्यावर ढकलू नका. पुष्कळजण घरी बसून किंवा बांधावरूनच कसातरी फोटो काढतात, किंवा मुदत संपेपर्यंत राहून जाते. आपल्या रानात मधोमध उभे राहा, पीक नीट दिसेल असा फोटो काढा, गट नंबर तपासा आणि सातबाऱ्यावर नोंद आली का ते पाहा. आजवर ती नोंद पीकविम्यासाठी आणि नुकसानभरपाईसाठी आपण करत आलो. यापुढे परमुलखातले गिऱ्हाईक आपल्या रानाची चौकशी करील, तेव्हा पहिली साक्ष तीच नोंद देणार आहे.